कुठे दुखतंय?

आमचे सर ऑलिंपिक खेळलेले आहेत, हे मला पहिलं वर्षभर ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, पोरींना आइस हॉकी शिकवणारे कुणीतरी गोरे आजोबा असतील. नाक डावीकडे बसलेलं, पुढचे दात बसवलेले, हातात कायम कोपीचा, म्हणजे सिंगापुरी कॉफीचा, कप. इंग्रजी तोडकंमोडकं. एक दिवस एका मुलीच्या वडिलांनी फोनवर जुना फोटो दाखवला. लष्करी कोट घातलेला पंचविशीतला तरुण, गळ्यात पदक. "हे आपले सर?" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की सर वळून आले. त्यांनी फोटो बघितला, "हो, मी," म्हणाले आणि पोरींना रांगेत उभं करायला निघून गेले. पदक मिळालेला माणूस इतकं रुक्षपणे 'हो, मी' म्हणतो? मला तर रागच आला त्यांचा.

हे सगळं सिंगापुरातलं आहे. पुण्यात सांगितलं की लोक हसतात. "तिकडे कुठला गं बर्फ?" आहे बाबांनो, मॉलमध्ये आहे. बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि आत स्वेटर घालूनही दात वाजतात. आम्ही राहतो चोआ चू कांगला, माझं ऑफिस आंग मो किओला. नवरा जहाजावर इंजिनिअर, म्हणजे अर्धं वर्ष घरात मी आणि लेक, दोघीच. लेक नऊ वर्षांची असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला त्या रिंकवर गेली आणि "आई, आय वॉन्ट टू प्ले दॅट वन" म्हणतच परत आली. मी कथकच्या क्लासला नाव घालून बसले होते. कथक गेलं खड्ड्यात. आता ती चौदा वर्षांची आहे आणि बचावफळीत खेळते.

संघाला पालकांमधूनच एक मॅनेजर लागतो. ते काम माझ्या गळ्यात पडलं, खरं तर मीच ते गळ्यात पाडून घेतलं. ऑफिसात मोठमोठ्या माणसांना वेळेवर नाचवते, तर या पोरी काय विशेष, असं वाटलं मला. मॅनेजरने सरांशेजारी बेंचवर उभं राहायचं, बेंचचं दार उघडायचं-लावायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, बर्फाच्या पिशव्या तयार ठेवायच्या. आणि वही लिहायची.

वही म्हणजे सरांचा जीव. कुणी पडलं, आपटलं, कुणाला काठी लागली, की वेळेसकट लिहायचं. पोरगी हसत उठली तरी लिहायचं. पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं, 'पडली, पण बरी आहे म्हणते.' सरांनी 'बरी आहे म्हणते' यावर काट मारली. "ती काय म्हणाली ते नको, मॅनेजर. तुम्ही काय बघितलं ते लिहा." डोक्याला काही लागल्याची नोंद झाली, की डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय ती मुलगी बर्फावर उतरायची नाही. मग ती कुणीही असो.

आणखी एक त्यांची पद्धत होती. सराव सुरू व्हायच्या आधी प्रत्येक मुलीने त्यांच्यासमोर यायचं. ते विचारायचे, "कुठे दुखतंय?" आणि 'कुठेच नाही' हे उत्तर चालायचं नाही. काहीतरी सांगावंच लागायचं. बूट चावलाय, मान अवघडलीय, पोटात दुखतंय. पोरी मजा करायच्या. एक म्हणाली होती, "सर, केस दुखतात." सरांनी गंभीरपणे तिचं हेल्मेट काढून बघितलं, तर पट्ट्याखाली खरंच केसांचा गुंता अडकला होता. मग पोरी हसायच्या थांबल्या.

मी एकदा विचारलं, हे काय खूळ? तेव्हा त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं काही सांगितलं. लांबच्या, थंड देशातल्या एका खेड्यात ते वाढले. घरामागचं तळं पाच महिने गोठलेलं असायचं. अठराव्या वर्षी सक्तीची लष्करभरती झाली. भरतीच्या पहिल्याच आठवड्यात एका अधिकाऱ्याने रांगेत विचारलं, "स्केटिंग कुणाला येतं?" सरांनी हात वर केला. तो हात पुढे पंधरा वर्षं खाली आला नाही, असं म्हणाले. बंदूक जेमतेम हातात आली, काठी मात्र सुटली नाही. लष्कराचा संघ होता तो. बराकीत राहायचं, फाटकाला कुलूप. बायकोला रविवारी दोन तास भेटायचं, तेही पहारेकऱ्याच्या खोलीत. जिंकलं की हुद्दा वाढायचा. हरलं की त्यांचे मेजर म्हणायचे, "सीमेवर जागा रिकामी आहे." प्रत्येक सामन्याआधी ते मेजर रांगेपुढून चालत जायचे आणि प्रत्येकाला एकच विचारायचे, "तयार?"

"या प्रश्नाला उत्तर एकच असतं, मॅनेजर," सर म्हणाले. "आमच्यातल्या एकाची बरगडी मोडली होती. तोही 'तयार' म्हणाला."

त्यांचा तो संघ अजून आहे. आता तिथे मुलींचीही अकादमी निघालीय, आणि सरांबरोबर ऑलिंपिक खेळलेला त्यांचा मित्र, आताचा कर्नल, ती चालवतो. हे कर्नल सुट्टीवर जाताना दोन दिवस सिंगापुरात उतरणार होते. रविवारी सकाळी ते आमच्या मुलींचा सराव बघतील आणि एकीला हिवाळ्यातल्या सहा आठवड्यांच्या कॅम्पसाठी नेतील, असं ठरलं. फक्त एकीला. ती एक तर आमची लेक, नाहीतर आमची गोलकीपर, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

मला ती जागा किती हवी होती ते स्पष्टच सांगते. उगाच 'लेकीसाठी' वगैरे सोज्वळ बोलत नाही. मला माझ्यासाठी हवी होती. बारा वर्षं पासवर, नोकरीपुरत्या परवान्यावर, जगतोय आम्ही. हे रिन्यू करा, ते रिन्यू करा, आणि कुणी विचारलं, कायमचे कुठे राहणार, की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो. लेकीचं मराठी निम्मं, तिकडची नाती फोनवरची. बर्फावर मात्र ती अशी उभी राहायची की जणू सात पिढ्यांची मालकीण. तिला त्या लष्करी संघाच्या जर्सीत बघायचं होतं मला. तो फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायचा होता. 'तिकडे कुठला गं बर्फ' म्हणणाऱ्यांची तोंडं बंद करायची होती. झालं.

शनिवारी सकाळी एक मैत्रीपूर्ण सामना होता. सर कर्नलना आणायला विमानतळावर गेले होते. बेंचवर मी आणि मदतीला एका मुलीचे वडील. सामना संपायला थोडा वेळ असताना लेक उलटी स्केटिंग करत मागे येत होती. पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, तिच्या डाव्या बाजूने गेली. ती वळली, दुसऱ्या मुलीच्या काठीत तिचा पाय अडकला आणि ती पाठीवर पडली. पडता पडता हेल्मेटचा मागचा भाग रिंकभोवतीच्या फळीवर आपटला. आवाज आला. घरात वरवंटा हातातून सुटून पडावा तसा.

मी मोजलं. एक, दोन, तीन, चार. मग ती उठली. रेफरीला अंगठा दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि ती बेंचकडे यायला निघाली, ती समोरच्या संघाच्या बेंचकडे. अर्ध्या वाटेत थांबली, इकडेतिकडे बघितलं, आणि आमच्याकडे वळली.

हे मी बघितलं. शेजारचे गृहस्थ पलीकडे पोरींना बाटल्या देत होते, त्यांनी नाही बघितलं. मी बघितलं.

"लागलं का गं?"

"नो."

"नक्की? डोकं?"

"आई, डोन्ट लाह. एव्हरीबडी लुकिंग."

वही माझ्या मांडीवर होती, पेन बोटांत. घड्याळात दहा चाळीस झाले होते. मी तारीख लिहिली, सामना लिहिला, आणि पेनाला टोपण लावलं. डोक्यात सगळं लख्ख होतं. वहीत लिहिलं की उद्या चिठ्ठी. चिठ्ठी म्हटली की इथला डॉक्टर, आणि इथला डॉक्टर म्हणजे हातात एमसी, विश्रांतीचा लेखी हुकूम. कर्नल सोमवारी विमानात. लेक घरात. पोरगी तर उठलीय, चालतेय, 'नो' म्हणतेय. मी काय डॉक्टर आहे?

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ती खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली. "उद्या किती वाजता जायचंय?" तिने विचारलं. मी सांगितलं, साडेसहाला रिंकवर. घरी आल्यावर तिने खोलीचे पडदे ओढले. जेवताना वरणभातात नुसती बोटं फिरवत बसली. "उद्या किती वाजता?" मी पुन्हा सांगितलं. मळमळतंय म्हणाली. मी म्हटलं, पाणी कमी प्यालीस, सकाळी न खाता खेळलीस, असंच होणार. दुपारी पाणी प्यायला उठली तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं, "आई, उद्या किती वाजता?" तरी मी आवाजात गूळ घालून म्हटलं, "साडेसहा, बाळा. झोप तू."

मग मी काय केलं? आम्ही इथली सगळी मंडळी जे करतो तेच. पुण्याला फोन लावला. आमचे तिथले डॉक्टर मला माझ्या कांजिण्यांपासून ओळखतात. सिंगापुरात एवढी हॉस्पिटलं उभी आहेत, पण घरात कुणी खोकलं तरी आम्ही आधी पुण्याला विचारतो. कारण तिथे आपल्याला हवं ते उत्तर मिळेल असा प्रश्न विचारता येतो. मी म्हटलं, "डॉक्टरकाका, लेकीचं डोकं दुखतंय. उद्या तिची महत्त्वाची निवड आहे. उन्हाचा त्रास असेल ना?"

"असेल," काका म्हणाले. "पडली-बिडली नाही ना कुठे?"

"छे हो," मी म्हटलं.

इतकं पटकन म्हटलं की माझं मलाच कळलं नाही. काकांनी गोळीचं नाव सांगितलं, भरपूर पाणी दे म्हणाले, आणि निवडीसाठी आशीर्वाद दिला. पुण्याहून आणलेल्या औषधांची पिशवी प्रत्येक मराठी घरात असते, तशी आमच्याकडेही आहे. त्यातली एक गोळी दुपारी दिली. तासाभराने लेक उठून बसली, टोस्ट खाल्ला, थोडी हसलीसुद्धा. बघ, उन्हाचंच होतं, मी स्वतःला म्हटलं. संध्याकाळी जहाजावरून नवऱ्याचा फोन आला. "काय म्हणतेय आपली खेळाडू?" "मजेत आहे," मी म्हटलं. तोंडाला सवय लागली की पुढचं खोटं सोपं जातं.

रविवारी उठल्यावर तिला दुसरी गोळी दिली आणि आम्ही टॅक्सीने रिंकवर गेलो. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कर्नल म्हणजे दाराएवढा माणूस, गडगडाटी हसणारा. त्यांनी माझा हात हातात घेऊन इतका हलवला की खांदा दुखला. सरांचा चेहरा त्या दिवशी लहान मुलासारखा झाला होता. आपल्या पोरी जुन्या मित्राला दाखवायच्या म्हणून किती आतुर होते ते. त्यांनी माझ्याकडून वही घेतली, शनिवारचं पान काढलं.

"सामना झाला आणि कुणी पडलं नाही?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, म्हणून वही मिटून परत दिली. एकेक मुलगी पुढे आली. कुठे दुखतंय? अंगठा. कुठे दुखतंय? खांदा. आमची लेक आली. देवा, हिने खरं सांगितलं तर काय, असं मला वाटलं. आणि त्याच क्षणी हेही वाटलं, की सांग गं बाई, सांगून टाक, म्हणजे मी सुटले.

"डावा गुडघा," लेक म्हणाली. आणि बर्फावर उतरली.

पहिला अर्धा तास ती फार सुरेख खेळली. कर्नल बेंचवर सरांच्या आणि माझ्या मध्ये उभे राहून मान डोलवत होते. बर्फावर सरांचा मदतनीस सराव घेत होता. कर्नलना गप्पा मारायची भारी हौस. इंग्रजी चांगलं होतं त्यांचं. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याची गोष्ट सांगायला लागले. शेवटची दोन मिनिटं, यांचा संघ एका गोलने पुढे, आणि सर समोरच्या तिघांच्या पायात झोकून देऊन पक अडवतायत, एकदा छातीवर, एकदा चेहऱ्यावर. "रक्त, दात, सगळं बर्फावर! आणि हा गाणं म्हणत होता, मॅडम! गाणं!" सर योग्य त्या जागी हसत होते. मीही हसत होते. मग कर्नल गोलकीपरला जवळून बघायला रिंकच्या दुसऱ्या टोकाला गेले.

सर बर्फावरची नजर न काढता म्हणाले, "छान सांगतो ना? मला यातलं काही आठवत नाही."

मी हसले. मला वाटलं, विनय.

"उपांत्य सामन्यात डोकं बर्फावर आपटलं. नंतरचं मला आठवतं ते बराकीची खिडकी. मोज्यात ठेवलेलं पदक. मधले चार दिवस नाहीत. अंतिम सामना मी पूर्ण खेळलो म्हणतात. फोटोत हसतोय. तो माणूस कोण आहे, मला माहीत नाही. दरवर्षी कुणीतरी फोन करतं, अभिनंदन करतं. मी थँक यू म्हणतो."

"पण कुणालाच कळलं नाही?" मी विचारलं.

"बायकोला कळलं. अंतिम सामन्याच्या आधी दहा मिनिटं भेटू दिलं होतं. मी तिला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारली. हे तिनेच मला नंतर सांगितलं. ती घाबरली. मेजरना सांगितलं असतं तर मला बाहेर काढलं असतं. हरलो असतो तर सीमेवर पाठवलं असतं, घर गेलं असतं. तिने माझ्या कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, जा, जिंकून ये." सरांनी कोपीचा घोट घेतला. "पुढे वीस वर्षं डोकं दुखायचं. भांडणं व्हायची. मी एकदा खुर्ची फेकली. मग ती मला सोडून गेली. ती गेली म्हणून माझा राग नाही. त्या कॉलरचा आहे."

मदतनीसाने शिट्टी वाजवली. पुढचा सराव जोडीजोडीने. पक फळीकडे मारायची आणि दोन मुलींनी जीव खाऊन तिच्यामागे धावायचं. जी आधी फळीपाशी पोचेल तिची पक. या सरावात धडका बसतातच. लेक तिसऱ्या जोडीत होती. रांगेत उभं राहताना तिने एक हात फळीवर टेकवला होता आणि मान खाली घातली होती. दुसऱ्या मुलीने तिला काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं नाही.

पहिली जोडी सुटली. धाडकन फळीवर आदळली, हसत परत आली.

मी मनात म्हणत होते, एवढा एकच सराव. एवढा संपू दे. मग मीच तिला बाहेर बोलावते, पोटात दुखतंय म्हणून सांगते. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. कर्नल बघतायत.

दुसरी जोडी सुटली. लेकीने फळीवरचा हात काढला आणि तिचा तोल गेला. थोडासाच. कुणाच्या लक्षात येऊ नये इतका.

"सर," मी म्हटलं. "सर, ती काल पडली. डोक्यावर पडली."

सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि इतकी लांब फुंकली की वर बसलेले पालक उभे राहिले. साठीचा माणूस, फळीवरून उडी मारून बर्फावर गेला. लेकीच्या हातातून काठी काढून घेतली, दंडाला धरलं आणि अंड्याची टोपली आणावी तसं हळूहळू तिला बेंचवर आणून बसवलं. हेल्मेट काढलं. तिच्यासमोर गुडघ्यावर बसले.

"आज वार कोणता?"

"रविवार."

"काल तुम्ही कुणाशी खेळलात?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. वर्गात उत्तर येत नसलं की शेजारणीकडे बघतात तसं. तिला आठवत नव्हतं. कालचा अख्खा सामना तिच्या डोक्यात नव्हता.

कर्नल धावत आले. सर त्यांच्या भाषेत काहीतरी एकच वाक्य बोलले. कर्नलचं हसू गेलं आणि ते मुकाट्याने दोन पावलं मागे सरकले. मग सर माझ्याकडे वळले. कधी पडली? किती वेळ पडून होती? नंतर काय केलं? काय दिलं? मी सगळं सांगितलं. दहा चाळीस. चार आकडे मोजेपर्यंत. चुकीच्या बेंचकडे निघाली होती. तीनदा एकच प्रश्न विचारला. मळमळ. दोन गोळ्या. एकही गोष्ट विसरले नव्हते मी. मला बोलताना ऐकून लेक टक लावून बघत होती.

सरांनी माझ्यापुढे हात केला. मला आधी कळलं नाही. मग मी वही दिली.

"मुलगी बरी झाली की तिला घेऊन या," ते म्हणाले. "तुम्ही बेंचवर यायचं नाही. वर बसा." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला उलट भांडता तरी आलं असतं.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी लेकीला विचारलं, कधीपासून दुखतंय? "आज सकाळपासून," लेक म्हणाली. अजूनही ती किल्ला लढवत होती. मग मीच बोलले. शनिवारपासूनचं सगळं, गोळ्यांसकट, पुण्याच्या फोनसकट. डॉक्टरबाईंनी खाली मान घालून लिहून घेतलं. तपासण्या झाल्या. आत रक्तस्राव नव्हता. मेंदूला जोराचा हिसका बसला होता. महिनाभर शाळा कमी, फोन बंद, बर्फ बंद. "यावर लगेच दुसरा मार बसला असता तर मी तुम्हाला काय सांगितलं असतं कोण जाणे," त्या म्हणाल्या आणि एमसीच्या कागदावर सही केली. कॅम्पची जागा गोलकीपरला मिळाल्याचा मेसेज तेवढ्यात ग्रुपवर आला. मी फोन पर्समध्ये टाकला. त्या जागेचं मला काही, अगदी काहीही वाटलं नाही. आदल्या दिवशी जिच्यासाठी जीव टाकत होते, ती हीच जागा.

डॉक्टरबाई गेल्या. नर्सने दिवा मंद केला. लेक छताकडे बघत पडली होती. मी तयारीत होते. ती ओरडेल, कर्नलसमोर मला का बाहेर काढलंस म्हणेल, महिनाभर बोलणार नाही. सगळं ऐकून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं.

"काल मी पडले, यू सॉ?" तिने विचारलं.

"हो."

"राँग बेंच पण?"

"हो, बाळा. बघितलं मी."

मग ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली, निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत. "मला वाटलं, यू नेव्हर सी. आय वॉज सो स्केअर्ड, आई. घरी आल्यावर मला बाथरूमचा दिवा कुठे असतो तेच आठवेना. पण मी कसं सांगणार? तुला किती हवं होतं ते. म्हणून मी म्हटलं, आईला कळेल. आईला सगळं कळतं. तिला कळलं की ती नाही म्हणेल, मग मला म्हणायला नको. सकाळी टॅक्सीत बसेपर्यंत मी वाट बघितली, तू नाही म्हणशील म्हणून."

टॅक्सीत मी तिची वेणी सोडून पुन्हा घट्ट घातली होती, हेल्मेटखाली नीट बसावी म्हणून. आणि म्हटलं होतं, घाबरायचं नाही.